गोदावरीच्या उत्तर तीरी

४ फेब्रुवारी

आजपासून हे लिहायचं, कारण बोलायची सोय राहिलेली नाही. घरात बोललो की अनसूया ऐकून घेते आणि कामाला लागते. बाहेर बोललो की लोक म्हणतात, छापा ना. छापण्याजोगा होता तेवढा राग इतकी वर्षं पेपरात छापला. हा त्यातून उरलेला.

स्वरालीचा पुण्याहून फोन आला. तिच्याच इमारतीत, तिच्या दोन मजले खाली, आमच्यासाठी घर ठरलं म्हणे. 'ठरलं' हे मोठं सोयीचं क्रियापद आहे, त्याला ठरवणारा लागत नाही. मुलगी, जावई आणि माझी बायको असे तिघे मिळून ठरवणारे होते आणि मी, ज्याला कळवण्यात आलं तो.

कारणं दिली ती अशी. एक, नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. दोन, माझी नोकरी संपली. (संपली नाही. पेपरानं जिल्ह्याची पानं आवरली आणि मला मानद वार्ताहर केलं. रविवारचं सदर अजून माझंच आहे.) तीन, अनसूयेची पाठ. मणक्यात काहीतरी सरकलंय, बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांचं काय जातं? त्यांच्या दारात टँकर उभा असतो. मी त्याच संध्याकाळी उपाय केला होता, तोटी असलेलं निळं पिंप आणून दिलं. ते आधी भरावं लागतं, हा त्यातला दोष स्वरालीनं फोनवर दाखवून दिला. वकिलाच्या घरात लग्न करून दिलं त्याचं फळ.

आता माझा राग नेमका कशाचा, ते लिहितो. मी पैठणचा. पाठशाळेत शिकलो, शेंडी कापली तेव्हा वडील दोन दिवस बोलले नाहीत, मग शहरात येऊन बातम्या लिहायला लागलो. या शहराच्या पाण्यावर, धुळीवर, खोदलेल्या रस्त्यांवर माझं पोट चाललं. आणि दर दुष्काळात मी एक गोष्ट न चुकता लिहीत आलो: पोटासाठी गाव सोडणाऱ्याला माझा नमस्कार, पण ज्याच्या घराला चार खोल्या आणि गच्चीवर टाकी आहे तो पुण्याला निघाला की त्याला पळपुटा म्हणावं. हा शब्द छापलेला आहे. श्रीरंग, माझा पाठशाळेपासूनचा मित्र, मुलाकडे बंगळुरूला निघाला तेव्हा त्याच्या निरोपाच्या जेवणात, श्रीखंडाचा वाडगा हातात असताना, मी तो त्याला तोंडावर ऐकवला. तेव्हापासून त्याचा फोन नाही. आता येईल.

मी जाणार नाही. तसं फोनवर सांगितलं. स्वराली म्हणाली, "बाबा, वास्तुशांतीचा मुहूर्त काढलाय."

११ फेब्रुवारी

पाणी आलं. पहाटे यायचं ते दुपारी आलं, आणि तेही नव्या जलवाहिनीसाठी खोदलेल्या चरातून निम्मं रस्त्यावर सांडत. पाण्याच्या आधी पाइप आले, पाइपांच्या आधी उद्घाटन झालं. क्रम उलटा असला तरी निष्ठा वाखाणण्यासारखी आहे.

अनसूया अंगणात नळी धरून उभी होती. मी नेहमीसारखी छेड काढली, की आज तुझ्या माहेरच्यांनी वरून सोडलेलं दिसतंय. तिचं माहेर जुन्या नाशकात, गोदाकाठच्या गल्लीत. धरणांतलं पाणी खाली सोडायचं की नाही, यावर नाशिक आणि मराठवाडा वर्षानुवर्षं भांडतात. आमच्या घरात ते भांडण मी एकटाच दोन्ही बाजूंनी लढवतो. तेहतीस वर्षं हा विनोद टिकलाय. ती हसते. आज हसली नाही, एका हातानं कंबर धरून नळी हौदातून पिंपात टाकत होती.

म्हणाली, "तुमचं पाणी पेपरात येतं. माझं नळाला यावं लागतं."

वाक्य चांगलं आहे. सदरात वापरीन.

२ मार्च

घर बघायला गिऱ्हाईक आलं. मी घर विकायला काढलेलंच नाही, पण कॉलनीतल्या भिंतींना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते.

गिऱ्हाइकाचं नाव बद्रीनाथ. करमाडच्या अलीकडचा, चाळिशीतला. त्यांचं गाव औद्योगिक पट्ट्यात गेलं. जमीन गेली, मग गावठाणाला लागून कारखान्याची भिंत आली, आणि आता आईला घेऊन शहरात राहायला येतोय. पांढरी गाडी, पांढरे बूट, बोलणं मात्र अजून बांधावरचं. मला ओळखत होता. ओळखीचा इतिहास सांगू लागला तेव्हा कळलं, की त्यांच्या गावच्या भूसंपादनाची बातमी मी लिहिली होती.

"ध्यानात हाय काका," तो म्हणाला. "'विकासाची पहाट' असं टाकलं होतं तुमी. आमच्या म्हातारीनं त्यो कागद वाचून घेतला दोनदा. म्हनली, पहाट व्हय? मंग आपल्याला उठवाया कोन येनार हाय?"

मथळे वार्ताहर देत नाही, मुंबईच्या टेबलावर बसलेले लोक देतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं समजूतदारपणे मान हलवली. मला असली मान आवडत नाही.

घर फिरून पाहिलं. खांब ठोकले, गच्चीवर जाऊन आला, बोअरला पाणी किती लागलं होतं ते विचारलं. शेवटी निकाल दिला, "घर चांगलं हाय. पाडावं लागंल, पर चांगलं हाय." तीन मजले चढवणार आहे.

त्याची आई दगडाबाई तोवर ओट्यावर बसून होती. तिला अनसूयेनं पाणी दिलं. ती अर्धं प्यायली आणि उरलेलं तिनं जपून कुंडीत ओतलं. मग म्हणाली, घर बेस हाय, पर दारात उभं ऱ्हायलं तर काय दिसतं? मी बघितलं. समोरच्या कुलकर्ण्यांची भिंत दिसते आणि तिच्यावरचा शिकवणीचा फलक. "आमच्या दारातनं डोंगर दिसायचा," म्हातारी म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की डोंगर मीच हलवलाय.

विकायचं नसलेलं घर कुणी नापसंत केलं म्हणून राग येणं तर्काला धरून नाही. आला. दोघं गेल्यावर मी अनसूयेला म्हणालो, बघितलंस, काय दिसतं विचारते. हे घर बांधलं तेव्हा इथून साताऱ्याचे डोंगर मलाही दिसत होते. ती म्हणाली, तेव्हा तुम्ही कधी दारात उभे होतात?

१० मार्च

तिचं वाक्य सदरात वापरलं, थोडं घासूनपुसून. वाचकांचे फोन आले, वहिनींना सांगा म्हणाले. सांगायचं राहून गेलं.

६ एप्रिल

उद्या पुण्यात वास्तुशांती. जाणार नाही म्हणालो होतो आणि आता बसमध्ये बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

घर नाकारता येतं, वास्तुशांती नाकारता येत नाही. व्याही येणार, जावयाची आत्या अमरावतीहून येणार, आणि यजमानच नाही हे कुणाला सांगणार? अनसूया शेजारी झोपली आहे. झोपेतही पाठीला उशी धरून.

मघाशी कायगावचा पूल ओलांडला. खाली गोदावरी म्हणजे भेगाळलेला गाळ आणि मधे हिरवट डबकं. पुढच्या बाकावरच्या बाईनं सवयीनं नाणं टाकलं. ते गाळात पडलं असणार. पूल संपला आणि मी परदेशात आलो.

हे मी उगाच म्हणत नाही. कोणत्याही पूजेच्या आधी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प म्हणतो, म्हणजे मी अमुक, या ठिकाणी, या वेळी, हे कर्म करतो. त्यात शहराचं नाव नसतं. आमच्या शहराला नाव कोणतं द्यावं यासाठी दोन पिढ्या घसे फुटेस्तोवर ओरडल्या. ऋषींनी नुसती नदी धरली आणि तिचा काठ सांगितला. आम्ही 'गोदावर्याः उत्तरे तीरे'. पूल ओलांडला की 'दक्षिणे तीरे', ते पार पुण्याच्याही पलीकडे. वर्ष मात्र तेही शालिवाहन शकानंच मोजतात, आणि शालिवाहन पैठणचा. काळ आमचा, जागा तेवढी त्यांची.

यावरून मला एक सुचलंय. उद्या बघू.

७ एप्रिल

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर पुढंमागं मलाच खोटं वाटेल.

गुरुजी तरुण होते, कानात फोनचं यंत्र अडकवून स्कूटरवरून आले. मी संस्कृत शिकलेला आहे असं जावयानं, विश्वजितनं, कौतुकानं सांगितलं. गुरुजी म्हणाले, मग काका, संकल्प तुम्हीच म्हणा, मला ऐकायला आवडेल. म्हणजे माझं काम त्यांनीच सोपं केलं.

मी ठरवलं होतं की 'उत्तरे तीरे' म्हणायचं. उच्चारानं संकल्प त्या जागेला बांधला जातो. काठ चुकीचा म्हटला तर शांती होईल ती आमच्या कॉलनीतल्या घराची. पुण्याचं घर शास्त्रानं माझं होणारच नाही. राहीन तो पाहुणा म्हणून. कुणाच्या बापाला कळणार नाही, भांडण होणार नाही, आणि माझा शब्द माझ्याजवळ राहील. लबाडी म्हणा. मी तिला सत्याग्रह म्हणत होतो.

पाटावर बसलो, उजवीकडे अनसूया. पत्नीला काही म्हणायचं नसतं. तिनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा, की त्याचा संकल्प तो तिचाही झाला असं धरतात. गुरुजी म्हणाले, काकू, हात लावा. तिनं लावला. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि सुरू केलं, जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य. आवाज चांगला लागला होता. अमरावतीच्या आत्यांनी डोळे मिटले. 'गोदावर्याः उत्तरे तीरे' म्हणालो आणि पुढं गेलो, शक, संवत्सर.

माझ्या मनगटावरचा हात उचलला गेला.

पहिल्यांदा वाटलं, तिला कळ आली असेल. बघितलं तर ती ताठ बसलेली, हात स्वतःच्या मांडीवर. मी डोळ्यांनी खुणावलं, लाव. तिनं मान हलवली. मी थांबलो, गुरुजी थांबले, स्वराली आमच्या नातीला, ओवीला, कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून बघायला आली. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं.

"पुन्हा म्हणा," अनसूया हळू म्हणाली. "नीट म्हणा."

गुरुजींनी विचारलं, काय झालं काकू? ती म्हणाली, "यांचं एक ठिकाण चुकलं. ते पुन्हा म्हणतील."

हशा पिकला. बाबांची चूक, आणि तीही संस्कृतात, असं विश्वजित म्हणाला. व्याह्यांनी टाळी दिली. चूक! अख्ख्या खोलीत मी एकटाच बरोबर होतो आणि मला ते सांगता येईना, कारण सांगितलं तर काय सांगितलं असतं?

पुन्हा म्हणालो. 'दक्षिणे' दातात अडकलेल्या सुपारीसारखं निघालं. तिनं हात लावला. पाणी सोडलं.

जेवण झालं, आहेर झाले. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिला कळलं कसं? तेहतीस वर्षं ती शेजारी बसून मोदकांचा हिशेब करत असावी असं मी धरून चाललो होतो. पाठ झालं असेल ऐकून ऐकून. पोपटालाही होतं. पण पोपट हात काढून घेत नाही.

८ एप्रिल

संध्याकाळी ती म्हणाली, मी महिनाभर इथंच राहते, पाठीला आराम पडेल. मी म्हणालो, रहा. एकटा निघालो. बसमध्ये शेजारी बसलेल्यानं विचारलं, काका, पुण्याला काय काम काढलं होतं? मी म्हणालो, मयताला गेलो होतो.

२३ एप्रिल

आज पाण्याचा दिवस होता आणि मी दुपारी झोपलो होतो.

जाग आली तेव्हा शेजारच्या लीलाबाई फाटक वाजवत होत्या, भाऊ, गेलं की हो पाणी. मी धावत नळ सोडला. नळानं सुस्कारा टाकला. हौदात तळ दिसतोय, पिंप रिकामं, तोटी आहे. आठ दिवस. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोन लावला, तिथल्या माणसावर ओरडलो, तुमच्यावर लिहीन म्हणालो. तो म्हणाला, साहेब, लिहा, आमच्याही घरी आज आलं नाही.

लीलाबाईंनी दोन हंडे पाठवले. घरी पोचवायला आल्या आणि ओट्यावर बसून अनसूयेची चौकशी केली. पाठ कशी आहे, नात कशी आहे. मग विचारलं, नाशिकला जाऊन आली का? मी म्हणालो, नाशिकला कशाला? त्या म्हणाल्या, दरवर्षी म्हणते ती, एकदा घाटावर जाऊन बसायचंय नुसतं, कुणाच्या लग्नाबिग्नाला नाही.

मला हे कधी म्हणाली नाही. नाशिक काही समुद्रापार नाही, इथून बसनं अर्धा दिवस. कुणी अडवलंय? पाण्याचा दिवस मधे येतो हे खरं. पण तो तर सगळ्यांनाच येतो.

सदराला विषय सुचेना. पळपुट्यांवर लिहायला बसलो, चार ओळी झाल्या आणि थांबलो. जारचं पाणी मागवलं. त्याला प्लास्टिकचा वास येतो.

५ मे

बद्रीनाथला होकार दिला. लिहून टाकतो आणि विषय संपवतो. हरलो असं नाही. दुसऱ्यांदा पाणी चुकलं.

तो म्हणाला, "काका, मन घट करा. पयलं वरीस जड जातं." मला सल्ला देतोय! ज्याच्या गावाला मी बातमीत जागा दिली, तो. म्हटलं, आणि दुसरं? तो म्हणाला, "दुसरं चालूच हाय माझं."

१९ मे

अनसूया आली सामान बांधायला. पाठ बरी दिसते. रंगही उजळलाय, म्हणजे पुण्याला मला न आवडण्याचं आणखी एक कारण.

दुपारी माळ्यावरची भांडी काढत होतो. मी शिडीवर, ती खाली वर्तमानपत्रात गुंडाळत होती. माझेच लेख, पितळी डबे त्यांत छान बसतात. बोलता बोलता तिनं सांगितलं, की मधे स्वरालीबरोबर नाशिकला जाऊन आले. वडिलांचं घर होतं तिथं आता गाड्या लावायची जागा आहे. पावती फाडणाऱ्या मुलाला तिनं विचारलं, आत जाऊन उभी राहू का जरा? तो म्हणाला, गाडी आहे का?

मी जिभेच्या सवयीनं बोललो, मग सांगितलंस का माहेरच्यांना, पाणी सोडा म्हणून?

तिनं हातातला डबा खाली ठेवला. मी शिडीवरून उतरलो. खाली आल्यावर वाटलं, वरच बरा होतो.

मग मी विचारलंच, त्या दिवशी हात का काढलास? आणि तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

तिचे वडील घरची प्रत्येक पूजा स्वतः सांगायचे, आणि त्यांचं घर गोदावरीच्या दक्षिण तीरावर. लहानपणापासून तिनं तेच ऐकलेलं. लग्न होऊन इथं आली, पाचव्या दिवशी सत्यनारायण घातला. माझ्या काकांनी संकल्प सांगितला, 'उत्तरे तीरे'. तिचा हात माझ्या हाताला लावलेला होता.

"एका शब्दात माझं गाव गेलं," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी थांबेल. विचारेल, हिला चालेल का. तुम्ही पाणी सोडलंत. मी हात तसाच ठेवला."

मी म्हणालो, तेव्हा बोलली का नाहीस?

"काय बोलायचं? सगळे पेढे वाटत होते."

मला राग आला. हे आणि ते सारखं कसं? मी म्हणालो, मुलींचं वेगळं असतं, त्यांना जायचंच असतं, ते धरूनच त्या वाढतात. ती म्हणाली, हो. एवढंच. मग म्हणाली, "तुम्हाला जायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतंत, मी इथंच राहिले असते, पाठ मोडेपर्यंत. पण माझा हात धरून खोटं म्हणायचं नाही. मी तेव्हा खरं म्हटलं होतं."

पुढं तिनं डबा गुंडाळायला घेतला. मी वर चढलो.

लग्न ही निराळी गोष्ट आहे. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. काहीतरी चुकतंय. व्याकरण बरोबर आहे.

२६ मे

संपादकांनी निरोपाचं सदर मागितलं, डोळ्यांत पाणी येईल असं लिहा म्हणाले. तीन सुरुवाती केल्या. पहिलीत मी या मातीला आई म्हणालो, तर ज्या बाईनं सांगितलं होतं की दारातनं डोंगर दिसायचा ती आठवली. दुसरीत शासनावर घसरलो. तिसरी श्रीरंगची माफी मागणारी निघाली, ती तर मुळीच द्यायची नव्हती. फाडली.

अनसूया म्हणाली, भांडूनच निघा. रडून निघालात तर सगळी कॉलनी पोचवायला येईल, चहा करावा लागेल, पाणी परवा आहे.

सदर दिलं नाही. त्या जागेत त्यांनी उन्हाळी लागल्यावर घ्यायची काळजी छापली.

२ जून

किल्ल्या दिल्या. ट्रक गेला, आम्हाला मागून निघायचं होतं. बद्रीनाथनं आईला आणलं होतं. अनसूया घरातून शेवटचं फिरून येईस्तोवर दगडाबाई ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या. समोर कुलकर्ण्यांची भिंत.

"तुमी बी चाललात व्हय?" त्या म्हणाल्या.

त्या 'बी'नं मला आपल्या ओळीत बसवलं. मला सांगायचं होतं, की बाई, तुमचं वेगळं, माझं वेगळं. तुम्हाला काढलं, मी मुलीकडे चाललोय. मी व्हय म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन.

कायगावचा पूल आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. अनसूयेनं कोपरानं ढोसलं, बघायचं नाही का? मी म्हणालो, काय बघायचंय, आहे काय त्यात? पेपर उलटा धरला होता हे तिनं नंतर सांगितलं.

१६ जून, पुणे

इथंही पाणी गेलं. पाऊस लांबला, आभाळ नुसतं भरून येतं, इमारतीची बोअर आटली, कालपासून टँकर. मला झालेला आनंद लिहिण्यासारखा नाही, म्हणून लिहितो: फार झाला.

सकाळी मी मेथी घेऊन येत होतो. खाली टँकरपाशी गर्दी, जिन्यात बायका, पुरुष, पहिल्या मजल्यावरच्या बाई सगळ्यांच्या पुढं. चांगल्या घरच्या, रोज हसून नमस्कार करणाऱ्या. त्या म्हणत होत्या, की बाहेरून इतकी माणसं येतात, मराठवाडा म्हणू नका, विदर्भ म्हणू नका, मग इथलं पाणी पुरणार कसं? मी थांबलो. वाक्य तयार होत होतं. त्यात एक दृष्टांतही होता. तेवढ्यात त्या बाईंनी अनसूयेला बघितलं आणि वळून गोड आवाजात म्हणाल्या, तुमचं नाही हो म्हणत काकू, आणि तुम्हाला तर याची सवयच असेल.

"सवय नाही," अनसूया म्हणाली.

तिचा असा आवाज मी ऐकलेला नव्हता. हातातली रिकामी कळशी तिनं खाली ठेवली.

"सवय कुणालाच होत नसते. आम्ही संभाजीनगरची माणसं. आठ दिवसांच्या पाण्यात घर चालवलं, आलागेला जेवू घातला, शेजारणीचं चुकलं तर हंडे पाठवले, आणि दारात आलेल्याला कधी विचारलं नाही तू कुठला. तुमचा नळ कालपासून कोरडा आहे. एका दिवसात तुम्ही माणसं मोजायला लागलात."

बाई म्हणाल्या, अहो, मी सहज म्हटलं. अनसूया म्हणाली, आम्ही सहज नाही आलो. गाव सोडून येणं काय असतं, ते मला विचारा. मी दोनदा आलेय.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, जाणत्या माणसानं मधे पडावं अशा आशेनं. मी पिशवी धरून उभा होतो. माझ्याकडचा दृष्टांत तोवर निरुपयोगी झाला होता.

वर आल्यावर म्हणालो, एवढं बोलायची काय गरज होती? ती पदरानं मान पुसत होती. म्हणाली, मग ऐकून घ्यायचं?

मी वाद घातला नाही. तिला खुर्ची ओढून दिली. आजचा राग तिनं केला, मी मेथी निवडली.